घरगुती सराउंड व्यवस्थेत स्पीकरच्या पातळ्या जुळवणे

घरी चित्रपट लावला की रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. पात्रे बोलू लागली की आवाज वाढवायचा, पाठलाग किंवा गाणे सुरू झाले की घाईघाईने कमी करायचा. दोष कधी चित्रपटाला दिला जातो, कधी घरातल्या आजी-आजोबांच्या कानांना. चित्रपटातील मंद आणि मोठ्या आवाजांमधले अंतर मुळातच जास्त असते, हे खरे. पण सराउंड व्यवस्था असलेल्या पुष्कळ घरांत यात आणखी एका कारणाची भर पडते, आणि ते कारण तासाभरात दूर करता येते. खोलीतले पाच स्पीकर एकाच सिग्नलला पाच वेगवेगळ्या पातळ्यांनी उत्तर देत असतात.

या पाठात ५.१ व्यवस्थेतील पातळ्या मोजून कशा जुळवायच्या आणि त्यामागचे भौतिकशास्त्र काय आहे, हे आपण पाहू. डेसिबल म्हणजे काय आणि १० आधाराचा लॉगरिदम कसा काढतात, एवढे माहीत असेल तर पुरेसे आहे.

कोणत्या स्पीकरवर काय येते

५.१ मधील ५ म्हणजे पूर्ण पट्ट्याची पाच चॅनेल: पुढचे डावे, पुढचे उजवे, मधले, आणि मागचे किंवा बाजूचे दोन सराउंड. उरलेले .१ म्हणजे फक्त खालच्या वारंवारितांसाठी राखलेले चॅनेल. त्यावर साधारण १२० हर्ट्झच्या वरचे काही नसते, म्हणून त्याला पूर्ण चॅनेल न मोजता दशांश मोजतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीत श्रोत्याला केंद्र मानून जागा सांगितल्या आहेत: मधला स्पीकर ० अंशावर, पुढचे दोन ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांच्या दरम्यान.

चित्रपटातील बहुतेक सगळे संवाद मधल्या चॅनेलवर असतात. संगीत मुख्यतः पुढच्या डाव्या-उजव्यावर पसरलेले असते. पाऊस, बाजाराची गजबज, प्रेक्षकांच्या टाळ्या असा भोवतालचा आवाज सराउंडवर येतो. ध्वनिमिश्रण करणारा अभियंता ज्या खोलीत बसतो, तिथले स्पीकर आधी मोजून जुळवलेले असतात. नायिकेचे वाक्य सतारीपेक्षा किती वर असावे, हे तो त्या जुळवलेल्या खोलीत कानाने ठरवतो. तुमच्या घरी मधला स्पीकर ४ डेसिबलने मंद असेल, तर त्याने ठरवलेले प्रत्येक वाक्य संगीताच्या तुलनेत ४ डेसिबल खाली जाते. व्हॉल्यूम वाढवून हे सुधारत नाही, कारण व्हॉल्यूम सगळ्यांना सारखेच वर नेतो. गुणोत्तर बिघडलेले होते, ते तसेच राहते.

४ डेसिबल हा आकडा छोटा वाटेल. मोठा आवाज मोठाच ऐकू येत असताना तो खरोखर छोटा असतो. पण शब्द पार्श्वसंगीतात बुडण्याच्या सीमेवर असतील, तर एक-दोन डेसिबलनेही वाक्य कळते किंवा निसटते. वय वाढले की गोंगाटातून शब्द वेगळे काढायला कानाला जास्त फरक लागतो. म्हणून घरात ही तक्रार सर्वात आधी ज्येष्ठ करतात.

फरक येतो कुठून

पहिले कारण अंतर. मोकळ्या जागेत स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनिदाब निम्मा होतो, म्हणजे पातळी ६ डेसिबलने उतरते. सूत्र साधे आहे: १ मीटरवरच्या पातळीतून २० × लॉग(अंतर मीटरमध्ये) वजा करायचे.

दुसरे कारण स्पीकरची संवेदनशीलता. २.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटर अंतरावर तो किती डेसिबल देतो, हा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो. २.८३ व्होल्टच का? ८ ओहमवर त्यातून १ वॅट शक्ती मिळते म्हणून. एकाच कंपनीच्या एकाच संचातही मोठा उभा स्पीकर आणि भिंतीवरचा छोटा स्पीकर यांच्या संवेदनशीलतेत ३ ते ४ डेसिबलचा फरक असणे सामान्य आहे.

समजा, पुढचे दोन्ही स्पीकर ९० डेसिबल संवेदनशीलतेचे असून तुमच्यापासून ३ मीटरवर आहेत. मधला ८८ डेसिबलचा, २.८ मीटरवर. सराउंड ८६ डेसिबलचे, पण सोफ्याच्या जवळ, १.५ मीटरवर. सर्वांना सारखाच सिग्नल दिला, तर तुमच्या कानाशी:

पुढचे: ९० − ९.५ = ८०.५ डेसिबल
मधला: ८८ − ८.९ = ७९.१ डेसिबल
सराउंड: ८६ − ३.५ = ८२.५ डेसिबल

म्हणजे ज्या स्पीकरवर संवाद आहेत तो सर्वात मंद, आणि ज्यांवर पाऊस-वारा आहे ते सर्वात मोठे. संवाद आणि भोवतालच्या आवाजात ३.४ डेसिबलची उलटापालट झाली, आणि कोणत्याही स्पीकरमध्ये काही बिघाड नाही. पुढच्या स्पीकरना आधार मानले, तर मधल्याला अंदाजे +१.५ आणि सराउंडना −२ अशी दुरुस्ती द्यावी लागेल. बहुतेक रिसीव्हरमध्ये ही दुरुस्ती अर्ध्या किंवा एका डेसिबलच्या टप्प्यांनी देता येते.

कागदावरचे हे गणित समजण्यासाठी उत्तम, पण खोलीत ते जसेच्या तसे उतरत नाही. तिसरे कारण म्हणजे स्वतः खोली. आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीत जमिनीला फरशी, भिंतींना गिलावा आणि गालिचा बहुधा नाहीच, त्यामुळे परावर्तन भरपूर. स्पीकरपासून थोडे दूर गेले की थेट ध्वनीपेक्षा परावर्तित ध्वनी वरचढ होतो, आणि मग अंतर दुप्पट केले तरी पातळी ६ ऐवजी दोन-तीन डेसिबलच उतरते. शिवाय खोली क्वचितच सममित असते. डावा स्पीकर कोपऱ्यात दोन भिंतींना टेकलेला आणि उजव्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारी मोकळी वाट, अशी रचना तुम्ही पाहिलीच असेल. भिंतीजवळच्या स्पीकरचा खालचा आवाज परावर्तनामुळे फुगतो. अगदी जवळच्या एका मोठ्या भिंतीमुळे ही वाढ ६ डेसिबलपर्यंत जाऊ शकते. डावा-उजवा एकाच जातीचे आणि समान अंतरावर असूनही मग सारखे ऐकू येत नाहीत. म्हणून मोजावेच लागते.

कानाने का जुळवू नये

कान हे अत्यंत संवेदनशील इंद्रिय आहे, पण या कामासाठी ते चुकीचे उपकरण आहे. समोरचा आणि मागचा आवाज कानाच्या पाळीमुळे वेगळ्या रंगाचा होऊन आत जातो. मागचा थोडा मंद, दबलेला वाटतो. मोठ्या स्पीकरचा भरदार आवाज आणि छोट्याचा किरटा आवाज समान पातळीवर असले, तरी मन त्यांना समान मानत नाही. आणि आवाजाची पातळी आठवणीत फार वेळ टिकत नाही. चार सेकंदांपूर्वीचा डावा आणि आताचा उजवा यांत १ डेसिबलचा फरक आहे की नाही, हे खात्रीने सांगणे अवघड असते.

गाणे लावूनही मोजू नका. गाण्याची पातळी क्षणाक्षणाला बदलते. त्यासाठी रिसीव्हरच्या मेन्यूत चाचणी ध्वनी असतो. तो पिंक नॉइज या जातीचा असतो. प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा, असे त्याचे लक्षण. ऐकायला तो लांबच्या धबधब्यासारखा लागतो. बहुतेक रिसीव्हर त्यातला मधल्या वारंवारितांचाच पट्टा वाजवतात, म्हणजे खोलीतल्या खर्जाच्या उलथापालथीने मोजणी बिघडत नाही.

मोजणी

ध्वनिपातळी मीटर घ्या. तो सी भारणावर आणि संथ प्रतिसादावर ठेवा. मुख्य बैठकीवर बसल्यावर तुमचा कान जिथे येतो, नेमका तिथे मीटरचा मायक्रोफोन यायला हवा. कॅमेऱ्याची तिपाई असेल तर उत्तम. नसेल तर उशा रचा, पण मीटर हातात धरून छातीसमोर ठेवू नका, कारण शरीर मागून येणारा ध्वनी अडवते आणि पुढून येणारा परावर्तित करते. मायक्रोफोन छताकडे वळवा, म्हणजे पाचही स्पीकरना तो सारखाच सामोरा जाईल.

छताचा पंखा बंद करा. पंख्याच्या आवाजाने गणित फारसे बिघडत नाही: पार्श्वभूमी चाचणी ध्वनीपेक्षा १० डेसिबल खाली असेल, तर वाचन फक्त ०.४ डेसिबलने वाढते. खरा त्रास वाऱ्याचा आहे. मायक्रोफोनवर आदळणारी हवा मीटरला खर्जाच्या गडगडाटासारखी दिसते आणि काटा नाचत राहतो.

आधी रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरा. २० अंश सेल्सियसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मीटर जास्त अंतराला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर लावतो. पातळी आणि वेळ या स्वतंत्र गोष्टी आहेत, पण कान दोन्हींवरून दिशा ठरवतो. पातळ्या जुळवूनही आवाज एका बाजूला ओढल्यासारखा वाटत असेल, तर आधी अंतराचे आकडे तपासा.

आता चाचणी ध्वनी सुरू करा. पुढच्या डाव्या स्पीकरवर मीटर ७५ डेसिबल दाखवेल असा व्हॉल्यूम ठेवा आणि त्यानंतर व्हॉल्यूमला हात लावू नका. मग एकेका चॅनेलची दुरुस्ती कमी-जास्त करत प्रत्येकाला ७५ वर आणा. आकडे थोडे हलतील. दहा-पंधरा सेकंद पाहून मधला आकडा धरा. सर्व चॅनेल अर्ध्या-एक डेसिबलच्या आत आली की थांबा. त्याहून बारीक जुळवणीला अर्थ नाही, कारण तुम्ही डोके एक वीत हलवले तरी तेवढा फरक पडतो.

चित्रपटगृहातील रीत थोडी वेगळी आहे. तिथे पडद्यामागचे प्रत्येक चॅनेल ८५ डेसिबलवर, पण सराउंडची प्रत्येक बाजू ८२ डेसिबलवर लावतात. दोन्ही बाजू एकत्र वाजल्या की ८५ होतात. हा आकडा वाचून काही जण घरीही सराउंड ३ डेसिबल खाली ठेवतात. घरगुती रिसीव्हरमध्ये पाचही चॅनेल समान ठेवण्याची पद्धत आहे, ती पाळा.

मीटर नसेल तर फोन चालेल का? हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि त्याच्या उत्तरात या विषयाचे मर्म आहे. फोनवरचे अ‍ॅप ७५ दाखवत असताना खरी पातळी ७१ असू शकते. पण समतोल ही सापेक्ष गोष्ट आहे. तोच मायक्रोफोन, तीच जागा, त्याच पट्ट्याचा ध्वनी असेल, तर ४ डेसिबलची चूक पाचही वाचनांत सारखीच येते आणि वजाबाकीत नाहीशी होते. तुम्हाला ७५ हवे नसून समानता हवी आहे. तेव्हा पाच मुख्य चॅनेलसाठी फोन बऱ्यापैकी काम देतो. फक्त आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय अ‍ॅपमध्ये बंद असावी. सबवूफरपाशी मात्र हा युक्तिवाद कोसळतो.

सबवूफरचे वेगळेपण

चूक वजाबाकीत जाते, कारण ती सगळीकडे सारखी असते. सबवूफरचा ध्वनी वेगळ्याच वारंवारितेचा आहे, त्यामुळे तिथे मीटरची चूकही वेगळी. ए भारण मानवी कानाचे मंद आवाजातील वर्तन धरून आखलेले आहे. ६३ हर्ट्झला ते २६ डेसिबल वजा करते आणि ३१.५ हर्ट्झला ३९ डेसिबल. ए भारणावर सबवूफर जुळवायला गेलात, तर मीटर समाधानी होईपर्यंत भिंती हादरतील. सी भारण ६३ हर्ट्झला एका डेसिबलहूनही कमी आणि ३१.५ हर्ट्झला ३ डेसिबल वजा करते, म्हणून ते वापरायचे. तरीही स्वस्त मीटर आणि फोन यांचे मायक्रोफोन खर्जात आणखी कमी दाखवतात. मीटरवर ७२-७३ दिसताच थांबणे हा अशा वेळी व्यवहार्य तोडगा आहे.

खर्जाच्या चॅनेलबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. हे चॅनेल इतरांपेक्षा १० डेसिबल वर वाजायला हवे, हे बरोबर आहे. पण ती वाढ रिसीव्हर स्वतःच करतो. चाचणी ध्वनीत ती आधीच जमेस धरलेली असते. हाताने आणखी १० वाढवण्याची गरज नाही.

खोलीचा प्रभावही इथे सर्वाधिक दिसतो. ८० हर्ट्झची तरंगलांबी ४.३ मीटर आहे, म्हणजे जवळजवळ खोलीएवढी. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अप्रगामी तरंग तयार होतात. ४.५ मीटर लांबीच्या खोलीत पहिला असा तरंग ३४३ ÷ (२ × ४.५), म्हणजे सुमारे ३८ हर्ट्झला येतो. भिंतींशी त्याचा दाब कमाल आणि मधोमध किमान असतो. आपल्याकडे सोफा सहसा मागच्या भिंतीला टेकवलेला असतो. तिथे बसणाऱ्याला खर्ज घुमतो, आणि खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून बसलेल्याला तोच खर्ज गायब वाटतो. दोघेही खरे सांगत असतात. पातळीची दुरुस्ती याला पुरत नाही. जागा बदलावी लागते.

त्यासाठीची युक्ती गमतीची आहे. सबवूफर तुमच्या बसण्याच्या जागेवर ठेवा, खर्जाचा सलग आवाज लावा आणि जिथे जिथे सबवूफर ठेवणे शक्य आहे तिथे जमिनीलगत रांगत कान लावून ऐका. जिथे खर्ज एकसारखा, न घुमता ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा. स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधला ध्वनीचा संबंध तोच राहतो, या व्यतिहार नियमावर हे चालते. घरचे हसतील, पण पद्धत शास्त्रशुद्ध आहे.

पातळी जुळवताना रिसीव्हरची दुरुस्ती टोकाला, म्हणजे −१२ च्या आसपास पोचली, तर सबवूफरच्या मागचे बटण कमी करा आणि रिसीव्हरचा आकडा शून्याजवळ आणा. रिसीव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनने स्वयंचलित जुळवणी केली असेल, तर सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त लिहिलेले दिसेल. ते चुकीचे समजून टेपने मोजलेले अंतर भरू नका. सबवूफरच्या आतल्या फिल्टरमुळे होणारा उशीर त्यात मिसळलेला असतो.

मंद आवाजात पाहताना

चित्रपटगृहाच्या संदर्भ पातळीवर एकेका मुख्य चॅनेलची शिखरे १०५ डेसिबलपर्यंत आणि खर्जाच्या चॅनेलची ११५ पर्यंत जाऊ शकतात. घरात, त्यातही सामाईक भिंतीच्या सदनिकेत, असे कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजाऱ्याच्या भिंतीतून सर्वात सहज पार होतो तो खर्जच.

व्हॉल्यूम २० डेसिबलने कमी केला तरी विद्युत समतोल बदलत नाही, पण ऐकण्याचा समतोल बदलतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की पातळी घटली की खर्जाबाबत कान जास्त बहिरा होत जातो. त्यामुळे मंद आवाजात सबवूफर आणि सराउंड आधी विरघळतात. काही रिसीव्हर व्हॉल्यूमनुसार हे भरून काढतात; तशी सोय असेल तर वापरा. रात्रीसाठी वेगळी सेटिंग असते, ती मोठे आवाज दाबते आणि मंद आवाज उचलते. सुरुवातीला सांगितलेली रिमोटची कसरत जुळवणीनंतरही उरलीच, तर तिचा उपाय हा आहे.

आणि मधले चॅनेल मुद्दाम २ डेसिबल वर ठेवले तर? शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही. माझे मत असे की घरातल्या माणसांना शब्द कळावेत म्हणून ते जरूर करावे, पण आधी मोजून समतोल साधावा आणि मूळ आकडा कागदावर लिहून ठेवावा, म्हणजे परत जाता येते. मधला स्पीकर घेतलेलाच नसेल, तर रिसीव्हरच्या मेन्यूत तो नाही असे सांगायला विसरू नका. मग ते संवाद डाव्या-उजव्यांत वाटले जातात. मेन्यूत तो आहे असे राहिले, तर संवाद अस्तित्वात नसलेल्या स्पीकरकडे जातात आणि संपूर्ण चित्रपट मूकपटासारखा होतो, फक्त संगीतासह.

सरावासाठी

१. एकाच जातीचे दोन सराउंड स्पीकर आहेत. मुख्य बैठकीपासून डावा १ मीटरवर, उजवा २ मीटरवर. सूत्राने फरक ६ डेसिबल येतो, पण मीटर ३.५ दाखवतो. असे का? दुरुस्ती कोणत्या आकड्याने कराल?

२. वरील खोलीत ३.५ डेसिबलची दुरुस्ती केल्यावर कुटुंबातील एक जण सोफ्याच्या डाव्या टोकाला, डाव्या सराउंडपासून ०.५ मीटरवर बसतो. त्याला काय ऐकू येईल? दोन्ही सराउंड कानाच्या उंचीपासून ७०-८० सेंटिमीटर वर चढवले, तर त्याच्यासाठी आणि मुख्य बैठकीसाठी डाव्या स्पीकरच्या अंतरांचे गुणोत्तर कसे बदलते, ते पायथागोरसच्या प्रमेयाने काढा.